बॅटरी कुणाची मोठी?

गेल्या रविवारी आमच्या लेआउटमधल्या पोरांनी फुटाळ्यावर रिमोटच्या होड्यांची शर्यत लावली. होड्या एकाच दुकानातल्या, एकाच साच्यातल्या. तरी एक सुसाट सुटली. मागाहून कळले, तिच्या मालकाच्या वडिलांनी आत जादा ताकदीची बॅटरी बसवून दिली होती! "काका, हे चालतं का?" हरलेल्या पोराने विचारले. मी काय सांगणार? नियमच ठरला नव्हता.

जगात यावर तोडगा निघालेला आहे. 'डीएफ ६५' ही कारखान्यात तयार होणारी, ६५० मिलिमीटर लांबीची शिडाची होडी. तिच्या नियमांचे सूत्र मला फार आवडले : ज्याला स्पष्ट परवानगी नाही, ते निषिद्ध. वारा पाहून शिडे लहानमोठी लावा. होडीचे अंग घासून हलके करायचे नाही. १९९६ साली ऑलिंपिकमध्ये आलेल्या लेझर होडीमागेही हाच विचार. होडी सारखी, कस माणसाचा.

आपल्याकडे पोरांच्या आधी पालकच पाण्यात उतरतात! (स्नेहसंमेलनातली चित्रे आठवा.) म्हणून येत्या रविवारी साऱ्या होड्या एकत्र ठेवून चिठ्ठ्या टाकणार आहोत. जी वाट्याला येईल, ती हाकायची. आणि पंच म्हणून मी त्या बॅटरीवाल्या वडिलांनाच बोलावले आहे.