यात्रेला निघताना दप्तर घरीच ठेवा



आज थोडं कडक लिहिणार आहे. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्ट्या दिसू लागल्या की अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांतून एकच बोलणं ऐकू येतं. शिखरजीची तिकिटं काढली, मुक्तागिरीला गाडी ठरवली, पण "पोरांच्या शाळेचं काय करावं बाई?" मग या प्रश्नावर उपाय म्हणून आपण मुलांची पुस्तकं बॅगेत कोंबतो. गणिताचं पुस्तक, दोन-तीन वह्या, दिवाळी अभ्यासाची पुस्तिका, रंगपेटी, शिष्यवृत्तीचा प्रश्नसंच. त्यावर कपडे, कपड्यांवर फराळाचे डबे, डब्यांवर पांघरुणं. सहा माणसांच्या घराचे अकरा डाग होतात, आणि बडनेऱ्याला गाडी थांबते मोजून काही मिनिटं.

माझं म्हणणं सरळ आहे. कुटुंबाच्या प्रवासात शाळेचं एकही पुस्तक नेऊ नये. माणशी एकच बॅग न्यावी आणि ती ज्याची त्याने उचलावी. आणि शाळा चालू असताना खोटं कारण सांगून मुलांना यात्रेला नेऊ नये. या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. शाळा बुडवून नेलं की मनात खुटखुट राहते, ती मिटवायला पुस्तकं सोबत येतात, आणि पुस्तकं आली की मुलाची बॅग त्याला उचलत नाही, ती आईच्या हातात येते.

आधी पुस्तकांचं बघू. मी कॉमर्सची पदवीधर, आकड्याशिवाय मला चैन पडत नाही. नातवंडांचं 'थोडंसंच' म्हणून काढून ठेवलेलं सामान मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. दोन पुस्तकं, तीन वह्या, कंपास, रंग आणि प्रश्नसंच मिळून दोन किलोच्या वर भरलं. दोन मुलांचे चार किलो. आता हे चार किलो उघडणार कधी? गाडीत मूल खिडकीला नाक लावून बसतं. शिखरजीला मधुबनात पोहोचलं की रात्री लवकर झोपायचं, पहाटे दोन-तीनला उठायचं, आणि चढ, टोंकांची वंदना, उतार असा सत्तावीस किलोमीटरचा पल्ला अनवाणी चालायचा. त्या संध्याकाळी मोठ्यांचे पाय उचलत नाहीत, आणि आपण सातवीच्या पोराला अपूर्णांक सोडवायला बसवणार? ती पुस्तकं अकोल्याहून जशी निघतात तशीच परत येतात. दुकानदाराच्या भाषेत याला पडून राहिलेला माल म्हणतात. शहाणा दुकानदार असा माल भरत नाही, आपण तो हजार किलोमीटर फिरवून आणतो.

बरं, दप्तराच्या ओझ्याची तक्रार काही आजची नाही. आर. के. नारायण राज्यसभेत होते तेव्हा १९८९ साली त्यांनी मुलांच्या दप्तरावरच भाषण केलं होतं. त्यानंतर प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ साली तिचा अहवाल आला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तराचं वजन कमी करण्याचा शासन निर्णय काढला. तरी ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या विदर्भातल्याच चंद्रपूरला सातवीतल्या दोन मुलांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की आमच्याने हे ओझं उचलवत नाही. बारा वर्षांच्या लेकरांना पत्रकारांसमोर बसावं लागलं! २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात तर आकडेच दिले आहेत. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको; पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो. दुसरीपर्यंत गृहपाठच नको, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास. आपल्या राज्यात मध्यंतरी पुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून पाहिली, तो निर्णय २०२५ च्या सुरुवातीला मागे घेतला गेला.

म्हणजे तीस-पस्तीस वर्षं संसद, समित्या, शासन सगळे मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी करायला धडपडताहेत, आणि जे थोडे दिवस मुलांची पाठ मोकळी असते त्या दिवसांत आपण आया ते ओझं पुन्हा चढवतो. सरकारला कशाला नावं ठेवायची?

"मागे पडेल ना पोरगं!" हे उत्तर मला ठाऊक आहे. कशात मागे पडेल? दिवाळीची सुट्टी लागते तीच मुळी पहिल्या सत्राची परीक्षा संपल्यावर. शिष्यवृत्तीची परीक्षा त्यानंतर काही महिन्यांनी असते. सहा-आठ दिवसांनी ज्याची शिष्यवृत्ती जाणार आहे, त्याची आधीच्या सहा महिन्यांच्या अभ्यासाने येणार होती का, हे एकदा स्वतःला विचारा. राहिला सुट्टीतला अभ्यास. पुस्तिका आधीच्या चार दिवसांत निम्मी आणि आल्यावर निम्मी करून घ्या. थर्माकोलचा किल्ला नि चार्टपेपरचे प्रकल्प तर तसेही रात्री अकराला आईच करते, हे शाळेलाही माहीत असतं आणि आपल्यालाही. त्यासाठी मुलाच्या यात्रेत विरजण घालू नका.

आता सुट्टीचा विषय. आपल्यात एक वाईट पद्धत पडत चालली आहे. गर्दी नको, धर्मशाळेत खोली मिळावी, तिकीट स्वस्त पडावं म्हणून ऐन जानेवारीत मुलांना घेऊन निघायचं, आणि शाळेत अर्ज द्यायचा 'ताप आल्यामुळे'. मामाच्या घरच्या लग्नासाठीही तेच. मुलाच्या हातूनच तो अर्ज वर्गशिक्षिकेला द्यायला लावायचा. मैत्रिणींनो, ज्या तीर्थावर आपण सत्य अणुव्रताची आठवण करायला जातो, त्या वाटेचं पहिलं पाऊलच असत्याने टाकायचं? आणि त्यात मुलाला साक्षीदार करायचं? त्याच्या मनात काय राहतं, तर चांगल्या कामासाठी खोटं चालतं. पुढे तो हाच धडा आपल्यावर गिरवतो तेव्हा मात्र आपण कपाळाला हात लावतो.

हिशेबच करायचा तर असा करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या शाळेचे वर्षाला किमान २२० दिवस भरायला हवेत, पहिली ते पाचवीचे २००. शाळेने पुरते २२० दिवस भरवले तर वर्षाचे १४५ दिवस उरतात. त्यातले रविवार सोडले तरी यात्रेला दहा दिवस सापडू नयेत? उन्हाळ्याचं आपल्या वऱ्हाडात अवघड आहे हे मान्य. मे २०२४ मध्ये अकोल्याला उन्हामुळे प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. २०२५ साली तर पहिली ते नववीच्या परीक्षाच २५ एप्रिलपर्यंत लांबवल्या. पण विदर्भातल्या शाळा जूनमध्येही उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, आणि दिवाळीची सुट्टी आहेच. खरोखर दुसरा मार्गच नसेल, घरात कुणाची दीक्षा असेल, आजीची शेवटची इच्छा असेल, तर शिक्षिकेला सरळ लिहा, "आम्ही यात्रेला जात आहोत, इतके दिवस रजा हवी." रजा नामंजूर झाली तर झाली. पण अर्जावर खरं लिहिलेलं असेल.

आता आपल्या हातातला विषय, डबे. इथे बहुतेक जणी म्हणतील, "ताई, आपलं खाणं वेगळं. कांदा-लसूण नाही, कंद नाही, सूर्यास्तानंतर नाही. नेलं नाही तर उपाशी राहायचं का?" अजिबात नाही. पण किती न्यायचं याला काही माप आहे की नाही? गाडीतल्या दीड-दोन दिवसांपुरतं न्या. खाकरे, दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, भाजके शेंगदाणे, पाणी गाळायचं कापड. पुढे तीर्थावर भोजनशाळा आहेत, तिथे आपल्याच पद्धतीचं ताजं जेवण मिळतं. आणि ज्या शोधाचं खातात, त्यांनी तर पाच-सात किलो पीठ वाहून नेऊच नये. पिठाची मर्यादा आपल्याला पाठ आहे. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात. बारा दिवसांच्या प्रवासाचं पीठ घरून नेलं तर उत्तरार्धात ते आपल्याच नियमाने चालत नाही. मग हे पीठ धर्मासाठी नेलं की काळजीपोटी?

आणखी एक बोलते. सामान जास्त नेलं की ती बाई हौशी, गृहकृत्यदक्ष, असं आपणच ठरवून ठेवलंय. "अमुकच्या सुनेने काही म्हटल्या काही कमी पडू दिलं नाही" हे ऐकण्यासाठी सून दोन रात्री जागते, आणि गाडीत शेवटचा डाग चढेपर्यंत फलाटावर उभी राहते. पुरुष मंडळी जागा शोधायला पुढे गेलेली असतात. स्टीलचा तीन ताळी डबा रिकामाच किलोभर भरतो. चार डबे म्हणजे चार किलो नुसतं पोलाद! हे सगळं शेवटी सुनेच्या कमरेवर नाही तर हमालाच्या डोक्यावर जातं. मुंगीला जपणाऱ्या आपण, जिना चढताना त्याच्या मानेकडे बघतो का?

कुणी म्हणेल, रेल्वेच चाळीस किलो न्यायला परवानगी देते. हो, स्लीपरला आणि थ्री टायर एसीला माणशी चाळीस किलो, अर्ध्या तिकिटाला त्याच्या निम्मे. चौघांच्या घराला, दोन मुलं धरून, १२० किलो होतात. पण ती कमाल मर्यादा आहे, तेवढं न्यायलाच हवं असा काही दंडक नाही. गोदामाची क्षमता आहे म्हणून कुणी माल भरत नाही. आणि शिखरजीला जाताना मध्ये बहुधा गाडी बदलावी लागते, तेव्हा सामान घेऊन जिना चढायला रेल्वे येत नाही.

आपण परिग्रहाचे चोवीस भेद मानतो, दहा बाहेरचे आणि चौदा आतले. बाहेरच्या दहांत कुप्य आणि भांड आहेत, म्हणजे कापडचोपड आणि भांडीकुंडी. किती जुनी ही यादी, आणि आपल्या अकरा डागांत आजही नेमकं तेच! तत्त्वार्थसूत्र आसक्तीलाच परिग्रह म्हणतं. दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी आपण उत्तम आकिंचन्यावर प्रवचन ऐकतो, माना डोलावतो. ज्यांच्या दर्शनाला जातो ते मुनिमहाराज पिंछी, कमंडलू आणि शास्त्र एवढ्यावर सगळा देश पायी फिरतात. आपण गृहस्थ, तेवढं आपल्याला जमणार नाही आणि कुणी मागतही नाही. पण गृहस्थाला परिमाण तरी सांगितलंय ना? घरून निघताना मापाने घेणं हे परिग्रह परिमाण अणुव्रताचंच लहान रूप आहे, आणि मुलांना ते प्रवचनापेक्षा बॅग भरताना लवकर कळतं.

म्हणून या दिवाळीला एवढं करा. प्रत्येक मुलाला त्याची शाळेचीच सॅक रिकामी करून द्या. त्यात त्याचे कपड्यांचे तीन जोड, टॉवेल, ब्रश, पाण्याची बाटली. पूजेचे कपडे घरात मिळून एका पिशवीत. स्वेटर अंगात. सुती कपडे धर्मशाळेत रात्री धुतले की सकाळपर्यंत वाळतात, थंडी असली तर दुपारपर्यंत. सॅक भरल्यावर वजन करा. पंचवीस किलोच्या मुलाला अडीच किलो, जास्त नाही. ती पाठीला लावून त्याला घरातला जिना दोनदा चढ-उतर करायला सांगा. दमला तर काय काढायचं ते त्यालाच ठरवू द्या, आपण हात लावायचा नाही. औषधं आणि पाणी यात मात्र काटकसर नको. मोठ्यांनाही हाच नियम, सासूबाई आणि मामंजी सोडून. त्यांची बॅग मुलाने उचलावी, सुनेने नाही.

आणि अभ्यास हवाच असेल तर तो वाटेत पुष्कळ आहे. मुक्तागिरीच्या पायऱ्या मोजायला लावा, बावन्न मंदिरांची गणती करू द्या, धबधबा कुठून येतो विचारा. अमरावतीहून निघालेली आपली गाडी कोणत्या ठिकाणी महाराष्ट्र सोडून मध्य प्रदेशात शिरली हे नकाशावर शोधू द्या. कारंजा लाडला नेलं तर १९१८ साली तिथे सुरू झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमाची गोष्ट सांगा. घरी आल्यावर खर्चाचा हिशेब पोरीला मांडायला सांगा. टक्केवारी तिला पुस्तकापेक्षा लवकर येईल.

शाळा परत आल्यावर तिथेच असते, आणि शिक्षिका काही आपल्या मुलाची वैरी नसते. मुलं मात्र फार थोडी वर्षं आपल्याबरोबर यात्रेला येतात. दहावीनंतर क्लास, मग पुणे, मग कुठे. तेवढ्या चार-पाच प्रवासांत त्यांची पाठ मोकळी ठेवा, आणि स्वतःचे हातही.

जय जिनेंद्र.