बारा कॅसेटी, एक सीडी आणि पुसली गेलेली नावे

वाळूज औद्योगिक वसाहतीभोवती रांजणगाव, पंढरपूर, बजाजनगर, जोगेश्वरी या भागांत आपल्या समाजाची जी कष्टकरी कुटुंबे राहतात, त्यांच्या घरात शोधल्यास जुन्या सीडींची एखादी पिशवी अजून सापडते. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत कुणी ओळखीच्या मुलाकडून राइट करून घेतलेल्या, कुणी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोरील स्टॉलवरून आणलेल्या. बहुतेकांवर ‘भीमगीते एमपीथ्री’ एवढेच लिहिलेले असते. या आठवड्यात आम्ही त्या पिशवीविषयी लिहीत आहोत, कारण त्यातील ठेवा नाशवंत आहे.

तरुण वाचकांसाठी थोडी माहिती देतो. साध्या ऑडिओ सीडीवर फार तर ८० मिनिटांचे गायन मावते, कारण त्यात सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची नोंद जशीच्या तशी केलेली असते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत व इतरत्र संशोधकांनी कानाचा स्वभाव अभ्यासला. ढोलकीची जोरदार थाप पडते त्या क्षणी मागचा बारीक आवाज आपल्याला जाणवतच नाही. असे न जाणवणारे आवाज वगळले की फाईल सुमारे अकरापट लहान होते. १९९५ साली या फायलींना एमपीथ्री हे नाव मिळाले. मग एका मिनिटाला साधारण एक एमबी असा हिशेब बसला आणि ७०० एमबीच्या एका सीडीवर जवळपास १२ तासांचे गायन मावू लागले. म्हणजे साठ मिनिटांच्या बारा कॅसेटी!

२००० च्या सुमारास फिलिप्सने ‘एक्स्पॅनियम’ हा अशा सीडी वाजवणारा प्लेअर आणला. त्यामागोमाग स्वस्त प्लेअर आले. पेन्सिल सेलवर चालणारे हे यंत्र खिशात मावत नसे, पण पिशवीत बसे. ते गाण्याचा पुढचा भाग आधीच वाचून ठेवी, म्हणून बसच्या धक्क्यांनी गाणे सहसा तुटत नसे. मोटर मध्येमध्ये थांबल्याने सेलही जास्त पुरत. रात्रपाळी करून घरी परतणाऱ्या कामगाराला ही मोठीच सोय होती. अट एवढीच, की सीडी ‘डेटा’ म्हणून राइट करावी, शेवटी ती बंद करावी आणि फायलींची नावे इंग्रजी अक्षरांत असावीत. कारण त्या प्लेअरांच्या छोट्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटत नसत.

इथेच आपले नुकसान झाले. कॅसेटच्या आतल्या कागदावर गायक, संगीतकार व कवी यांची नावे छापलेली असत. सीडी राइट करताना तो कागद गळाला आणि गाण्याचे नाव झाले ‘ट्रॅक ०१’. फुटपाथवर शंभर-शंभर गाण्यांच्या चोरट्या सीडी विकल्या गेल्या, त्यातून कवी-गायकाला ना पैसा मिळाला ना नाव. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही २००४ साली गेले, विठ्ठल उमप २०१० साली. थोरांची नावे निदान पुस्तकांत तरी आहेत. पण वस्तीतल्या गायन पार्टीचा पेटीवाला, कोरस धरणाऱ्या बाया, गल्लीतला हौशी कवी यांची नोंद त्या कॅसेटच्या कागदाशिवाय कुठेच नव्हती. ज्यांच्या गाण्याने अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत बाबासाहेब पोहोचवले, त्यांनाच आपण निनावी करायचे काय?

आता वेळही थोडा आहे. घरी राइट केलेल्या सीडीत रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसरने त्यातच गाणे कोरलेले असते. मराठवाड्यातील ऊन आणि पत्र्याच्या घरातील उष्णता त्या थराला मारक आहे. शिवाय पुष्कळांना वाटते, की चकचकीत बाजू तेवढी जपावी. वास्तविक त्या बाजूला प्लास्टिकचा जाड थर असतो. गाणे असते ते वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूलगत. तिथे बॉलपेन दाबून लिहिले वा चिकटपट्टी ओढून काढली, तर ते कायमचे जाते.

म्हणून वाचक बंधू-भगिनींनी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, सीडी उन्हातून व उष्णतेतून बाजूला काढा, मऊ कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल घासू नका. नव्या लॅपटॉपला सीडीची सोय बहुधा नसते. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तो चार घरांनी मिळून आणावा.

दुसरी, फायली आहेत तशाच उतरवून घ्या. पुन्हा लहान करू नका. एकदा वगळलेला आवाज परत येत नाही आणि दर खेपेस थोडा आणखी जातो. प्रथम टाळ-झांजांचा आवाज बिघडतो, मग शब्दही. मूळ कॅसेट शाबूत असेल तर ती फेकू नका, तीच खरी प्रत.

तिसरी, दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. पेनड्राइव्हही अमर नाही. उतरवलेली गाणी विकू मात्र नका. कवीचा हक्क कायद्याने त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या वारसांकडे असतो.

चौथी आणि महत्त्वाची, नावे लिहा. आजच्या मोबाइलवर मराठी अक्षरे दिसतात, तेव्हा गीत, गायक, कवी व साल असे फाईलवरच मराठीत लिहावे. कवी ओळखायचा कसा? शेवटचे कडवे नीट ऐका. आपल्या शाहिरांनी तिथे आपले नाव गुंफण्याची परंपरा पाळली आहे. वामनदादांच्या पुष्कळ गीतांत शेवटी ‘वामन’ येतोच. जिथे नाव नाही, तिथे घरातील आजी-आजोबांना विचारा. पार्टी कुठली, पेटी कुणाची, कार्यक्रम कोणत्या जयंतीचा, हे त्यांना आठवते आणि सांगणारी ती माणसेही आता थकत चालली आहेत.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास यासाठी काढावा. मुलांनी मोबाइल आणावा, मोठ्यांनी सीडी आणाव्यात, एक वही मध्ये ठेवावी. गाणे लावावे, शेवटचे कडवे ऐकावे आणि वहीत नाव लिहावे.

जय भीम!