आधी तुकडा तपासा, मग गोळी

"मी कधी विडीला हात तरी लावलाय का गं?" आमच्या वरसाव्यातल्या एका काकूंनी मला विचारलं. मी गप्पच राहिले. घर हायवेच्या नाक्याजवळ, रात्रंदिवस ट्रकचा धूर. त्याआधीची कित्येक वर्षं चुलीपुढे गेलेली. खोकला लागला तर एका दवाखान्यात बेडका न तपासताच पाच महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. शेवटी सीटी स्कॅन झालं आणि फुप्फुसात गाठ निघाली.

बायोप्सी झाली, कॅन्सर ठरला. डॉक्टर म्हणाले, याच तुकड्याच्या आणखी तपासण्या करायच्या आहेत, दोनेक आठवडे लागतील. काकूंचा मुलगा वैतागला. "कॅन्सर आहे हे कळलं ना? मग गोळी सुरू करा की!" त्याची घालमेल मला समजत होती. तरी मी त्याला थांबवलं.

कारण मैत्रिणींनो, फुप्फुसाचे सगळे कॅन्सर सारखे नसतात. पेशीवर ईजीएफआर नावाचं एक प्रथिन असतं. ते पेशीला वाढायचा इशारा देतं. दारावरची बेल दाबली की वाजते, सोडली की थांबते. पण बटण अडकलं तर? काही गाठींत या प्रथिनाचं तसंच होतं. ते बटण बंद करणारी गोळी आहे, जेफिटिनिब. पण ती ज्यांचं बटण अडकलंय त्यांच्यासाठीच.

2009 साली आशियातल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुसंख्य बायकाच होत्या, आणि बहुतेक कधीही धूम्रपान न केलेल्या. ज्यांच्या गाठीत हा दोष होता, त्यातल्या निम्म्या जणांचा आजार गोळीने साडेनऊ महिने तरी आटोक्यात राहिला, केमोथेरपीने सव्वासहा महिने. दोष नव्हता, तिथे मात्र गोळीने जेमतेम दीड महिना, केमोने साडेपाच. गोळी तीच, पण एकीला तारक, दुसरीचा मोलाचा वेळ खाणारी!

आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलनेही असा दोष असलेल्या 350 रुग्णांवर अभ्यास केला. तो 2020 मध्ये छापून आला. नुसत्या गोळीने आजार आठ महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर सोळा. त्रास जास्त झाला, पण आयुष्यही वाढलं. एएलके, पीडी-एल१ ही अशीच आणखी नावं. त्यांच्यावरूनही औषध ठरतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, घाईने गोळी सुरू करण्यापेक्षा हे दोन आठवडे थांबणं शहाणपणाचं. अर्थात, रुग्णाची तब्येत फारच बिघडलेली असेल तर डॉक्टर सांगतील तसं. पण "मार्करची तपासणी केली का?" हा प्रश्न विचाराच. बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, जपून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलात तोच उपयोगी पडतो. आणि बायांनो, नवऱ्याच्या तपासणीला दागिना मोडणाऱ्या आपण, स्वतःच्या वेळी "राहू दे, कशाला खर्च" म्हणतो. ते आता पुरे.

काकूंच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआरचा दोष निघाला. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. पण परवा गेले तर ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं."