एच्. एम्. टी. तांदळाचें माहेर
आपल्या घरीं शिजणाऱ्या एच्. एम्. टी. तांदळाचें माहेर नागभीड तालुक्यांतील नांदेड (मराठवाड्यांतील नव्हे!) हें खेडें, हें किती वाचकांस ठाऊक असेल? तेथील लहान शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ च्या सुमारास ‘पटेल ३’ धानांत कांहीं वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या निराळ्या राखल्या, वर्षानुवर्षें निवडून पेरल्या व बीं शेजाऱ्यांस दिलें. नांव पडलें तें मात्र त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें! १९९४ त अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें तें बीं नेलें. १९९८ त ‘पीकेव्ही एच्. एम्. टी.’ प्रसृत झालें. शुद्धीकरण आमचें, असें विद्यापीठाचें म्हणणें. मूळ माझें, असें दादाजींचें. २०१८ त ते निवर्तले.

भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें २०१३ त मुक्त प्रवेशाचें धोरण स्वीकारलें आणि ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारांत विद्यापीठांचे पुष्कळ प्रबंध आतां घरबसल्या वाचावयास मिळतात. उत्तम! परंतु उताऱ्याच्या आंकड्यांशेजारीं आणखी एक रकाना हवा: बीं कोणाच्या बांधावरून, कोणत्या सालीं आणिलें? दादाजींचें शेत हीच त्यांची नोंदवही होती. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपला वाण स्वतःच्या नांवें नोंदवितां येतो खरा. पण अकोल्यास बीं गेलें तेव्हां तो कायदाच नव्हता.