साखळी कोणाच्या हाती?

“आमचा कुत्रा चावत नाही,” म्हणत त्याला मोकळा सोडणारे बरगीतही आहेत, मुंबईतही. 2010 साली मुंबईत एका पाळीव रॉटवायलरने वृद्ध गृहस्थांना चावे घेतले. 2023 मध्ये न्यायालयाने मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार अशा हलगर्जीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे योग्यच आहे. रायफल ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, कुत्र्याचेही तसेच. कॅडेट मित्रांनो, सुट्टीत घरच्या कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का ते पाहा, फिरवताना साखळी धरा. तो चावलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन जखमीला दवाखान्यात आपणच न्या.