ओसी नसलेल्या घराचा दंड कुणी भरायचा?

समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना १९९७ मध्ये घरांचा ताबा मिळाला. चाव्या हातात आल्या, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मात्र आली नाही. ओसी नाही म्हणून नियमित वीज-पाणी नाही. संस्थेनेच खेटे घालून तात्पुरत्या जोडण्या मिळवल्या. त्यानंतर बिले येऊ लागली: मालमत्ता कर नेहमीच्या दरापेक्षा २५ टक्के जादा आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा. १९९८ मध्ये संस्था राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. चार महिन्यांत ओसी मिळवून द्या, असा आदेश आयोगाने बिल्डरला दिला, तो २०१४ मध्ये. तरीही ओसी आली नाही. जादा भरलेले पैसे परत मागणारी दुसरी तक्रार आयोगाने २०१८ मध्ये मुदतबाह्य ठरवून फेटाळली. अखेर ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ओसी न देणे ही चालूच राहणारी चूक आहे, तिथे मुदत संपली असे म्हणता येणार नाही. निकाल संस्थेच्या बाजूने लागला खरा, पण पैशांचा फैसला करण्यासाठी प्रकरण पुन्हा आयोगाकडेच गेले.

चूक बिल्डरची होती, हे न्यायालयानेच सांगून टाकले. पण जादा कर आणि जादा पाणीपट्टी कुणाच्या नावाने निघत होती? रहिवाशांच्या. इमारतीला ओसी नाही हे कर लावणाऱ्यांना ठाऊक नव्हते, असेही नाही. ठाऊक होते म्हणूनच तर दर चढा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शिवाय ही फाशी दर सहा महिन्यांनी, छापील बिलातून.

खरे तर नियमाने इमारतीवर पालिकेची नजर पडण्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी नकाशा मंजूर होतो, मग काम सुरू करण्याचा दाखला मिळतो. काम जोत्यापर्यंत आले की जोते तपासणी, मग वरचे मजले, शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा. यातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा जोत्याचा. मंजूर नकाशापेक्षा इमारत दोन फूट पुढे सरकली आहे का, बाजूचे मोकळे अंतर खाल्ले आहे का, हे टेप लावून तिथेच कळते. चूक सापडली तर एका दिवसात तोडता येते आणि तोवर कुणाचा संसार तिथे आलेला नसतो. पण बीट निरीक्षक जोत्यावर आला की नाही, आला तर त्याने काय मोजले, हे घर घेणाऱ्याला कधीच दिसत नाही. त्याला दिसते ती लॉबीतली इटालियन फरशी.

वरळीच्या कॅम्पा कोला संकुलाचा इतिहास या बाबतीत पुन्हा पाहण्यासारखा आहे. मंजुरी पाच-सहा मजल्यांची असताना ‘मिडटाउन’ २० मजल्यांपर्यंत चढली आणि ‘ऑर्किड’ १७ मजल्यांपर्यंत. पालिकेने काहीच केले नाही, असे म्हणता येत नाही. काम थांबवण्याची नोटीस नोव्हेंबर १९८४ मध्येच निघाली होती. नोटीस फायलीत राहिली आणि काम चालू राहिले. बेकायदा मजले पाडण्याच्या नोटिसा निघाल्या त्या २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम आदेश आला २०१३ मध्ये आणि वरच्या मजल्यांचे पाणी, वीज, गॅस तोडले गेले जून २०१४ मध्ये. तीस वर्षांत रहिवाशांची एक पिढी तिथे म्हातारी झाली. १९८४ ची ती नोटीस बजावून पुढे गप्प बसलेल्या अधिकाऱ्यांना विचारायला कोण जाणार होते?

‘घेताना कागद बघायला नको होते का?’ हा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींच्या खरेदीदारांनी कागद पाहिले होते. त्या कागदांवर महारेराचा नोंदणी क्रमांक होता. ज्या बांधकाम परवानगीच्या जोरावर हा क्रमांक मिळाला, ती परवानगीच बनावट निघाली: पालिकेचा शिक्का खोटा, सही खोटी. बँकांनी कर्जे दिली, दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवले, आणि १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. दस्त नोंदवणे म्हणजे इमारत कायदेशीर असल्याची ग्वाही नव्हे, हे वकिलांना पाठ असते. पहिले घर घेणाऱ्या जोडप्याला ते कोण सांगतो? मुद्रांक शुल्क भरून सरकारी कचेरीत अंगठा उठवला की घर पक्के, असेच महाराष्ट्रातला माणूस समजतो. आणि त्याने तसे समजावे अशीच तर सगळी मांडामांड असते.

पालिकाही याच गोंधळावर तिजोरी भरते. महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, म्हणजे कर आणि शास्ती मिळून तिप्पट. त्याच कलमात असेही आहे, की शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये. पिंपरी-चिंचवडमध्ये गुंठा-अर्धा गुंठा घेऊन घर बांधलेल्या कामगारांनी या शास्तीविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे काढले. थकबाकीचा आकडा चढत गेला, शास्तीसकट बिल भरणे जमेना म्हणून अनेकांनी मूळ करही भरला नाही. पुढे लहान घरांना टप्प्याटप्प्याने सवलत मिळाली आणि मार्च २०२३ मध्ये सरकारने मूळ कर भरण्याच्या अटीवर शास्ती माफ केली. प्रामाणिकपणे शास्ती भरत आलेल्यांनी कपाळावर हात मारला. दंडाने एक भिंत अधिकृत झाली नाही की एक बेकायदा मजला थांबला नाही.

इथे रहिवाशांची बाजू घेताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ताबा मिळाल्यावर बाल्कनी आत ओढणारे, फ्लॉवर बेडची खोली करणारे, तळमजल्याच्या दुकानासाठी खांबाला हात घालणारे रहिवासीच असतात, आणि सोसायटीच्या सभेत त्यावर कुणी ब्र काढत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर फेरफाराचे काम चालू होते. अशा वेळी वॉर्डात तक्रार करणारा शेजारी ‘खुसपट काढणारा’ ठरतो. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत कायद्याने बंधनकारक आहे. ती करून घेण्याऐवजी वर्गणी वाचवणाऱ्या सोसायट्यांना पालिकेकडे बोट दाखवण्याचा अधिकार जरा कमीच उरतो.

पण खांब तोडणाऱ्याला वेळीच थांबवायचे असो की पाच मजल्यांच्या मंजुरीवर वीस मजले चढवणाऱ्याला, तपासणीची वेळ तीच: काम चालू असताना. सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या शास्त्रीनगरमधल्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी देशभरासाठी निर्देश दिले, त्यातला गाभा हाच आहे. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावायचा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून नोंद ठेवायची, ओसीशिवाय ताबा द्यायचा नाही, वीज-पाणी जोडायचे नाही, बँकांनीही ओसी पाहूनच कर्ज द्यायचे, आणि चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई करायची.

निर्देश उत्तम आहेत. मात्र त्यातले वीज-पाण्याचे कलम एकटे अमलात आले तर पुन्हा समृद्धी सोसायटीच होईल. भाडे आणि हप्ता एकाच वेळी भरून दमलेला खरेदीदार ओसीविना ताबा घेतोच, मग टँकरचे पाणी तोच विकत घेतो. बिल्डर तोवर पुढच्या प्रकल्पाच्या भूमिपूजनात असतो.

बिल्डरला ओसीची घाई वाटेल असे एकच साधन खरेदीदाराकडे आहे, ते म्हणजे न दिलेला पैसा. आणि तिथेच नियम तोकडा पडतो. महाराष्ट्रात रेरा नियमांसोबतच्या नमुना करारात हप्त्यांची कमाल मर्यादा दिलेली आहे: जोते झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, लिफ्ट-पंप वगैरे बसल्यावर ९५ टक्क्यांपर्यंत. ओसीसह ताब्याच्या वेळी द्यायला उरतात फक्त ५ टक्के. ऐंशी लाखांच्या घरात चार लाख. एवढ्यासाठी पालिकेचे उंबरठे कोण झिजवेल?

ही रक्कम निदान २० टक्के करावी. त्यासाठी संसदेत जायची गरज नाही, हा करार राज्याच्या २०१७ च्या नियमांचा भाग आहे आणि राज्य सरकार तो बदलू शकते. त्यासोबत ४५ टक्क्यांची मागणी करणाऱ्या पत्राला पालिकेच्या जोते तपासणीचा अहवाल, तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह, जोडण्याची सक्ती करावी. आज तिथे बिल्डरच्याच वास्तुविशारदाचा दाखला चालतो. बिल्डरांच्या संघटना खेळत्या भांडवलाचे गाऱ्हाणे मांडतील, आणि पालिकांच्या दिरंगाईमुळे ओसी अडते हेही सांगतील. दुसऱ्या तक्रारीत तथ्य आहे. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून लागू आहे आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. ओसीचा अर्ज मुदतीत निकाली न काढणाऱ्याला तो खरोखर लावावा आणि त्याच्या पगारातून वसूल करावा. पाच हजार रुपये म्हणजे फार काही नाही. पण ओसीपायी आजवर रहिवासी सोडून दुसऱ्या कुणाच्या खिशातून रुपया गेल्याचे सहसा ऐकू येत नाही.