पक्षाला एक मत, शेजाऱ्याला दुसरे

२००९ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेत आरोग्यविम्याच्या नव्या कायद्यावर गावोगाव वादळी सभा होत होत्या. साउथ कॅरोलिना राज्यातील अशाच एका सभेत एका गृहस्थाने रिपब्लिकन पक्षाचे लोकप्रतिनिधी बॉब इंग्लिस यांना बजावले, की सरकारने आपल्या मेडिकेअरला हात लावता कामा नये. मेडिकेअर ही सरकारचीच योजना आहे, हे इंग्लिस यांनी त्यांना समजावून पाहिले. परंतु त्या गृहस्थांना ते काही केल्या पटले नाही. ही हकीकत जगभर गेली आणि सामान्य अमेरिकन माणसाच्या अज्ञानाचा नमुना म्हणून तिच्यावर पुष्कळ हसून झाले. पुरोगामी मंडळी त्या हसण्यात मागे नव्हती. वस्तुतः त्या उद्गारात हसण्यापेक्षा विचार करण्याजोगे अधिक आहे. त्या माणसाला सरकार नको होते. पण सरकारने दिलेले वैद्यकीय संरक्षण मात्र तो आपला हक्क मानत होता. या दोन गोष्टी एकाच मनात कशा नांदतात, हे ज्याला उमगले त्याला अमेरिकेचे गेल्या पाऊणशे वर्षांचे राजकारण बरेचसे उमगले, असे म्हणावे लागेल.

या विसंगतीचे मूळ व्यक्तीच्या बुद्धीत नसून इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, अमेरिकेत वेतनवाढीवर सरकारी नियंत्रण आले. कामगार टिकवण्यासाठी मालकांनी वेतनाऐवजी आरोग्यविमा देऊ केला. त्यावर करसवलत मिळाल्यामुळे ती प्रथा युद्धानंतरही दृढ झाली. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा औषधोपचार हा तेथे नागरिकत्वाचा भाग ठरला. अमेरिकेत तो नोकरीचा भाग ठरला. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ सालीच राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना मांडली होती. पण डॉक्टरांच्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘समाजवादी वैद्यक’ हा बागुलबुवा उभा केला आणि ती योजना बारगळली. १९६१ साली तर या संस्थेने रोनाल्ड रेगन यांच्या भाषणाची ध्वनिमुद्रिका काढली आणि डॉक्टरांच्या पत्नींनी शेजारणींना कॉफीला बोलावून ती ऐकवावी, अशी मोहीम चालवली. सरकारने वृद्धांच्या औषधोपचारात लक्ष घातले तर देशाचे स्वातंत्र्यच धोक्यात येईल, असा त्या भाषणाचा सूर होता.

अखेर १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजनांवर स्वाक्षरी केली. स्वातंत्र्य बुडाले नाही. उलट, केंद्राचा पैसा हवा असेल तर वर्णभेद सोडला पाहिजे, या अटीमुळे दक्षिणेतील शेकडो रुग्णालयांना काळ्या आणि गोऱ्या रुग्णांचे वेगळे कक्ष १९६६ साली काही महिन्यांतच मोडावे लागले. सरकारी योजनेने तेथे नागरिकत्वाचा संकोच केला नाही, विस्तार केला.

तथापि पासष्टीच्या आतील बहुसंख्य अमेरिकनांना आरोग्याच्या बाबतीत नागरिकाची भूमिका कधी मिळालीच नाही. त्यांना ग्राहकाची भूमिका देण्यात आली. हप्ता किती, विमा लागू होण्यापूर्वी पदरचे किती भरायचे, कोणते रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे, याची त्यांनी ‘निवड’ करायची. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी नाही. आजार केव्हा येईल हे माणसाला ठाऊक नसते आणि उपचार योग्य आहे की नाही, हे त्याला पारखता येत नाही. १९७० च्या दशकात रँड या संशोधनसंस्थेने हजारो लोकांवर एक दीर्घ प्रयोग केला. खिशातून पैसे भरावे लागले की लोक उपचार कमी करतात, हे त्यात दिसले. पण अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही ते तितकेच टाळतात, हेही दिसले. छातीत कळ आलेला माणूस भाव विचारत हिंडू शकत नाही, ही साधी गोष्ट आहे. एवढे असूनही अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहाव्या हिश्श्याहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्च करते आणि तिथले सरासरी आयुर्मान ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा या देशांपेक्षा कमी आहे. या निवडीच्या स्वातंत्र्याचा खरा अर्थ असा, की विमा जाईल या भीतीने माणूस नको असलेली नोकरी सोडू शकत नाही.

२०१० साली अध्यक्ष ओबामा यांच्या काळात झालेल्या कायद्याने मेडिकेडची मर्यादा वाढवून दारिद्र्यरेषेच्या थोडे वर असलेल्या कष्टकऱ्यांनाही तीत घेण्याचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोपवला. या विस्ताराचा ९० टक्के खर्च केंद्र सोसणार असतानाही अनेक रिपब्लिकन राज्यांनी तो नाकारला. परिणामी त्या राज्यांत एक विचित्र पोकळी निर्माण झाली. मेडिकेडसाठी अपात्र आणि खाजगी विम्याच्या अनुदानासाठी फारच गरीब, असे लाखो लोक तिच्यात सापडले. हॉटेलात भांडी घासणारे आणि शेतावर राबणारे लोकच त्यांत होते.

याच टप्प्यावर सामान्य अमेरिकन मतदाराने जे केले, त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. काही राज्यांत नागरिकांना सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मताला टाकता येतो. आयडाहो या कट्टर रिपब्लिकन राज्यात स्वयंसेवक एक जुनी मोटार हिरव्या रंगाने रंगवून गावोगाव हिंडले, दारोदार गेले आणि सह्या जमवल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये तेथे सुमारे ६१ टक्के मतदारांनी मेडिकेडच्या विस्ताराला कौल दिला. त्याच दिवशी त्याच मतदारांनी रिपब्लिकन उमेदवार ब्रॅड लिटल यांना सुमारे ६० टक्के मते देऊन राज्यपालपदी बसवले. मेन राज्याने २०१७ सालीच असा कौल दिला होता. पुढे युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी आणि २०२२ साली साउथ डकोटा यांनीही दिला. या सातपैकी मेन वगळता बाकी सर्व राज्ये अध्यक्षीय निवडणुकीत वर्षानुवर्षे रिपब्लिकन पक्षाला मत देत आलेली आहेत. पक्षाची निशाणी समोर आली की एक मत आणि शेजाऱ्याच्या औषधोपचाराचा प्रश्न समोर आला की दुसरे, असा हा व्यवहार आहे. तो लहरीपणाचा म्हणता येणार नाही. कारण दोन वेळा विचारलेले प्रश्नच वेगळे होते. २०१७ सालच्या एका पाहणीत सुमारे एक तृतीयांश अमेरिकनांना ‘ओबामाकेअर’ आणि २०१० चा आरोग्यविमा कायदा या दोन गोष्टी एकच आहेत, हे माहीत नव्हते. नावाने भांडण होत होते. वस्तू बहुतेकांना हवी होती.

परंतु कौल मिळाला म्हणजे काम संपले, अशा भ्रमात कोणी राहू नये. मेनच्या राज्यपालांनी अंमलबजावणी नाकारली. नवे राज्यपाल येईपर्यंत, म्हणजे जानेवारी २०१९ पर्यंत, लोकांना थांबावे लागले. युटाच्या विधिमंडळाने मतदारांनी मंजूर केलेला विस्तार आधी छाटला. मिसुरीत विधिमंडळाने पैसाच दिला नाही. २०२१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन तो हक्क मिळवावा लागला. साउथ डकोटात तर विस्तारावरील मतदानाच्या काही महिने आधी, अशा खर्चाच्या प्रस्तावांना ६० टक्के मतांची अट घालण्याचा घाट घातला गेला. जून २०२२ मध्ये मतदारांनी ती अट फेटाळली आणि नोव्हेंबरमध्ये ५६ टक्क्यांनी विस्तार मंजूर केला. ती अट संमत झाली असती, तर विस्तार पडला असता.

चित्राची दुसरी बाजूही झाकून ठेवता कामा नये. त्याच साउथ डकोटाच्या मतदारांनी २०२४ साली धडधाकट लाभार्थींना कामाची अट घालण्याची मुभा राज्याला दिली. शेजाऱ्याला औषध मिळावे असे ज्याला वाटते, त्यालाच ‘फुकट खाणाऱ्या’ शेजाऱ्याचा संशयही वाटतो. या संशयाचाच आधार घेऊन ४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या केंद्रीय कायद्याने महिना ८० तास कामाची अट देशभर घालण्याचे ठरवले. त्या कायद्यातील आरोग्यविषयक तरतुदींमुळे २०३४ पर्यंत सुमारे १ कोटी लोकांचा विमा जाईल, असा तिथल्या संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे. त्यांतले पुष्कळ जण काम करणारेच असतील. कागद वेळेवर न पोचल्यामुळे ते बाहेर पडतील.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच परका नाही. गावातले दारूदुकान बंद व्हावे म्हणून ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान येथील बायांनी अनेक ठिकाणी जिंकले आहे. पंचायतीच्या निवडणुकीत वेगवेगळ्या गटांना मत देणाऱ्या बाया त्या दिवशी आडव्या बाटलीवर एक झाल्या, कारण प्रश्न त्यांच्या घरातला होता आणि तो सरळ विचारला गेला होता. पुढे दुकान मागच्या दाराने पुन्हा उघडू नये म्हणून पहारा त्यांनाच करावा लागला, हेही कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

यातून समाजवादी कार्यकर्त्याने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. विरोधी पक्षाला मत देणारा माणूस मूर्ख किंवा निर्दय आहे, असे गृहीत धरून त्याच्याशी बोलणे सुरू केले की संवाद तेथेच संपतो. आयडाहोतील स्वयंसेवकांनी दारात उभे राहून पक्षाचे नाव घेतले नाही. त्यांनी शेजारच्या घरातल्या आजारी माणसाची गोष्ट काढली. मताधिक्य मिळाल्यावरही त्यांना घरी बसता आले नाही, कारण विधिमंडळाने २०२१ साली सह्यांची अटच जाचक करून टाकली आणि ती रद्द करून घेण्यासाठी त्यांना न्यायालयात लढावे लागले. ते लढले आणि जिंकले. साउथ कॅरोलिनातील त्या गृहस्थांशी बोलायचे असेल, तर त्यांची चूक दाखवण्यापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. मेडिकेअर हा आपला हक्क आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. तो पासष्टीच्या आतल्या शेजाऱ्यालाही का असू नये, एवढेच त्यांना विचारायचे बाकी होते.